तपासणी उभयतांची

प्रश्न : विवाहास तीन वर्षे झाली, अपत्य नाही, पत्नीच्या तपासण्या निर्दोष आहेत. माझीही आवश्यक काय? (एक वाचक, गोंदिया)

उत्तर : आवश्यकच, किंबहुना ती प्रथम व्हावयास हवी होती, कारण वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषदोषाचाही हिस्सा असतो, जरी आपल्या रिवाजानुसार फिर्याद नेहमी स्त्रीवरच दाखल होते. दोन ते सात दिवस संयम पाळून वीर्यतपासणी करावी. दोष आढळल्यास, शुक्रजंतू सिद्ध होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने, खर्रा खात असाल तर तो सोडून, तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आढळतो, म्हणून त्याचीही तपासणी उभयतांनी उरकावी : दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याचा संभव चारांत एक. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ज्या परखनळी-गर्भधारणेस यश आले, तिचा विचार यानंतरचा.