सुवासिक पांढऱ्या वाइनचे द्राक्ष

फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात, सान्सेर येथे, सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षापासून पांढरी वाइन करतात. कापलेल्या गवताची व हिरव्या ढोबळ्या मिरचीची आठवण करून देणारा तिचा वास मूळ द्राक्षातूनच येतो. कडक उन्हाने तो घटतो व मण्यांतील आम्लताही लवकर उतरते. म्हणून या जातीस पक्वतेच्या काळात थंड रात्री लागतात.

महाराष्ट्रात नाशिकजवळ सुला कंपनीने २००० साली काढलेल्या पहिल्या वाइनमध्ये ही जात होती. तेथे उन्हाळ्यात खरड छाटणी व पावसाळा सरताना फळछाटणी करतात. त्यामुळे माल हिवाळ्यात पिकतो. तोडणी पहाटेच उरकावी. दुपारचा तापलेला माल वाटेतच आंबू लागतो.

उंद्री (ता. चिखली) परिसरात ज्यांच्या विहिरीस हमखास पाणी आहे, त्यांना या पिकाचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रामसेवकांनी प्रथम विचारावे, माल घेणार कोण? मणी लहान व बियांचे असल्याने खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात त्यास गिऱ्हाईक नाही. नाशिक सुमारे तीनशे किलोमीटर दूर. २००८ च्या मंदीनंतर कारखान्यांची खरेदी घटली, तेव्हा खुद्द नाशिककडील अनेक बागायतदारांनी वाइनच्या बागा तोडल्या. मांडवाचा खर्च मात्र होऊन गेला होता. यास्तव साखरेच्या प्रमाणानुसार दर, तोडणीची तारीख व वाहतुकीचा भार यांचा लेखी करार हाती आल्यावाचून खड्डे घेऊ नयेत.