सक्ती, लसीकरण आणि कावीळ ‘ब’

आपल्याकडे गावोगावी आजही कावीळ ‘उतरवून’ घेतली जाते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय उतरवणाऱ्यास मिळते. कावीळ ‘ब’ मात्र निराळी आहे. तिचा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे जातो. प्रौढांना संसर्ग झाला तर शंभरांत पाचांहूनही कमी जणांच्या शरीरात तो कायम राहतो. नवजात बालकांत हेच प्रमाण नव्वदच्या आसपास असते. अशा मुलांपैकी काहींना पुढे यकृताचा सिरॉसिस वा कर्करोग गाठतो. म्हणूनच लसीची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते.

लसीकरण सक्तीचे केल्यास काय घडते? इटलीने १९९१ साली कायद्याने तान्ही बालके आणि बारा वर्षांची मुले अशा दोन्ही वयोगटांना ही लस अनिवार्य केली. बारा वर्षांनी पहिली बालके बारा वर्षांची झाली, दोन्ही पिढ्यांची साखळी जुळली आणि मोठ्या मुलांची सक्ती थांबवता आली. नव्या रुग्णांची संख्या उतरत गेली. रक्ततपासणी आणि एकदाच वापरावयाच्या सुया यांचाही त्यात वाटा होता, हे नमूद केले पाहिजे. तैवानने १९८४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम राबविला. तेथे मुलांमधील विषाणूवाहकांचे प्रमाण दहा टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले आणि बालकांमधील यकृताचा कर्करोगही घटला.

भारतात या लसीची कायदेशीर सक्ती नाही. २०११ पासून ती देशभर शासकीय केंद्रांत मोफत मिळते. जेथे सक्ती नाही, तेथे जबाबदारी पालकांची ठरते. त्याआधी जन्मलेल्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ही लस मिळालेली नसण्याची शक्यता आहे. त्यांनी रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन मात्रा घ्याव्यात. गर्भवती मातांची तपासणी तर टाळूच नये.

वसतिगृहासाठी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. वस्तरा, ब्लेड, दात घासण्याचा ब्रश कोणी कोणाचा वापरू नये. परंतु एका पंक्तीत जेवल्याने, एकाच माठातले पाणी प्यायल्याने वा शेजारी झोपल्याने हा रोग होत नाही. ताट वेगळे करण्याची वेदना काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. विषाणूवाहक विद्यार्थ्याला उपचार हवेत, वेगळे ताट नव्हे.