ग्वाल्हेरचा किल्ला : रणदुर्ग ते विद्यास्थान

जुने ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार या वस्त्यांच्या मधोमध वालुकाश्माची एक लांबट टेकडी उभी आहे. तिचे कडे तुटलेले, माथा सपाट. माथ्यावर सूरजकुंडासारखी तळी असल्याने वेढा पडला तरी शिबंदीस तग धरता येई. दुर्गम कडा आणि हाताशी पाणी, या दोन गोष्टींमुळे प्रत्येक राजवटीस हा किल्ला हवासा वाटला. मात्र प्रत्येकीने त्याचा उपयोग निराळा केला.

देवस्थान आणि राजवाडा

चढणीच्या वाटेवरील चतुर्भुज मंदिर इ. स. ८७६ मधील आहे. तेथील शिलालेखात बागेची लांबी २७० हात व रोजच्या फुलमाळा ५० अशी नोंद असून शून्य लहान वर्तुळाने दर्शविले आहे. पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळी, कड्यांत भव्य जैन मूर्ती कोरल्या गेल्या. राजा मानसिंह (१४८६–१५१६) याने निळ्या फरशांनी नटलेले मानमंदिर बांधविले.

बंदिशाळा

जो कडा शत्रूस वर येऊ देत नसे, तोच बंद्यास खाली उतरू देत नसे. मोगलांनी हे हेरले. शिखांचे सहावे गुरु हरगोविंद यांना जहांगीराने येथे कैदेत ठेवले होते. औरंगजेबाचा भाऊ मुराद बक्ष याचा १६६१ मध्ये येथेच वध झाला.

मराठे आणि इंग्रज

किल्ला शिंद्यांकडे असता ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीने रात्री शिड्या लावून तो घेतला आणि अजिंक्यपणाची ख्याती संपली. १७८३ मध्ये महादजींनी तो परत जिंकला. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे व रावसाहेब यांनी ग्वाल्हेर काबीज केले. राणी रणांगणी पडल्या. त्यानंतर इंग्रजांनी किल्ला घेतला. १८८६ मध्ये झाशीच्या मोबदल्यात तो शिंद्यांस परत मिळाला. १८९७ मध्ये सरदारपुत्रांसाठी निघालेली शाळा पुढे याच माथ्यावर आली. तीच आजची सिंधिया स्कूल.

वापर आणि जपणूक

नवा उपयोग लाभल्याने किल्ला ओसाड पडला नाही. पण प्रत्येक धनी जुन्याचा मान राखतोच असे नाही. बाबराच्या आज्ञेने जैन मूर्ती विद्रूप करण्यात आल्या; पुढे जैन समाजाने काहींचे मुखवटे चुन्याने पुन्हा घडविले. मोडणारे हात आणि सांधणारे हात, दोहोंच्या खुणा एकाच दगडावर आहेत. आज तेथे विद्यार्थी, यात्रेकरू आणि प्रवासी एकत्र वावरतात. त्यांच्या मागे कोणती खूण उरावी, हे त्यांच्याच वर्तनावर अवलंबून आहे.