डोमेन कुणाच्या नावावर?

चि. सोनू,

हॅम रेडिओचा परवाना आला, व्हीयू३ चं कॉलसाइन मिळालं, हे ताईकडून कळलं. त्याच फोनवर तिनं हेही सांगितलं की तुला त्या नावाची वेबसाइट काढायची आहे आणि कॉलेजातला कुणी मित्र 'सगळं मीच करून देतो' म्हणतोय. म्हणून घाईनं लिहायला बसलोय.

वेबसाइट काढच. कॉलसाइन म्हणजे तयार डोमेनच आहे. पाचसहा अक्षरं-आकडे, जगात दुसऱ्या कुणाचं नाही. सिग्नल बुडत-वर येत असताना 'माझं कॉलसाइन, डॉट इन' एवढं म्हटलं तरी समोरच्याला पत्ता कळतो. प्रवासात लावायचं 'स्ट्रोक पी' मात्र त्यात बसत नाही. तिथे तिरकी रेघ चालत नाही. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, मला त्याचं कौतुकही आहे, पण ब्राझीलमधला गडी ते टाइप कसं करणार?

आता माझी फजिती ऐक. माझंही एक डॉट कॉम होतं. ओळखीच्या एका वेबसाइटवाल्यानं ते त्याच्या खात्यातून, त्याच्याच ईमेलवर घेऊन दिलं. मला वाटलं, बरं झालं, डोक्याची कटकट गेली. पुढे त्यानं धंदा बदलला आणि मुदतीच्या सूचना त्याच्या बंद मेलबॉक्सात जात राहिल्या. मुदत संपली म्हणून डॉट कॉम त्याच दिवशी हातचं जात नाही. आधी काही दिवसांची सवलत असते, मग तीस दिवस जादा पैसे भरून ते सोडवून आणता येतं, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं होतं. हे सगळे दिवस मी रोज संध्याकाळी वीस मीटर बँडवर बसून लोकांना तोच पत्ता सांगत होतो! शेवटी एका जर्मन हॅमनं कळवलं, तुमच्या पानावर जुगाराच्या जाहिराती दिसताहेत. संपर्काची पावती म्हणून पाठवायची पाचशे क्यूएसएल कार्डं तोच पत्ता घालून नुकतीच छापून आली होती. एकेका कार्डावरच्या पत्त्यावर बॉलपेननं रेघ मारत बसलो. मामी तेव्हा काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

कागद कुणाच्या नावावर आहे, सगळं तिथे येऊन ठेपतं. इंटरनेटवरचे ४४ नं सुरू होणारे सगळे आयपी पत्ते १९८१ पासून हॅम लोकांसाठी राखलेले होते. आपण सगळे ते 'आपले' समजत होतो. ज्या संस्थेच्या नावावर ते होते तिनं २०१९ साली त्यातला पाव हिस्सा ॲमेझॉनला विकला. त्या पैशांतून आता हॅमांच्या प्रकल्पांना अनुदानं मिळतात, म्हणजे वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. पण पुष्कळांना ते विकल्यावरच कळलं.

तेव्हा खातं तुझं, ईमेल तुझा, पैसेही तुझ्याच कार्डावरून. ईमेल कॉलेजचा देऊ नकोस, तो पदवीबरोबर बंद होईल. आणि त्याच डोमेनवरचा तर मुळीच नको; डोमेन गेलं की ते सोडवायची मेलही त्याच्याबरोबर बुडते. पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नकोस, नूतनीकरणाचा भाव विचार. मित्राला पानं बनवू दे, चहा पाज, पण किल्ली देऊ नकोस.

दहा वर्षांचं एकदम घेता येतं, तरी तू दोनच घे. जनरल ग्रेडची परीक्षा दिलीस की व्हीयू२ हवंसं वाटणारच. तेव्हा नवं डोमेन घे, पण जुनं लगेच सोडू नकोस. काही वर्षं ते नव्याकडे वळवून ठेव. तुझी जुनी कार्डं तोवर कुणाकुणाच्या भिंतीवर लागलेली असतील.

पानं साधी ठेव. गिटहब पेजेसवर फुकट चालतात, स्वतःचं डोमेनही जोडता येतं. जाहिराती नकोत, आपण हौशी माणसं. अँटेनाचा फोटो टाक, आणि जी अँटेना चाललीच नाही तिचाही टाक; मी तरी दुसऱ्यांच्या पानांवर तेच आधी शोधतो. घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर मात्र देऊ नकोस. नकाशावरचा चौकोन सांगणारा सहा अक्षरी लोकेटर पुरे. पुण्याच्या मध्यवस्तीचा एमके६८डब्ल्यूएम, म्हणजे साधारण नऊ बाय साडेचार किलोमीटरचा चौकोन. अँटेना फिरवणाऱ्याला तेवढं भागतं, आणि दारात येऊन उभं राहू पाहणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. कार्डं घरी न मागवता क्यूएसएल ब्यूरोमार्फत मागव.

सोबत रेघ मारलेलं एक कार्ड पाठवतोय. मागची बाजू कोरी आहे. तिथे तुझ्या डोमेनच्या मुदतीची तारीख ठळक लिही आणि रिगच्या वर, रोज नजर जाईल अशा जागी चिकटव.

७३,
तुझा मामा