दुरून मिटविलेला लॅपटॉप पुन्हा उभा करताना



संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीच्या पैशातून किंवा हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप हा कित्येक घरांत सर्वांत महागडा जिन्नस असतो. प्रबंधाची प्रकरणे, प्रमाणपत्रांच्या प्रती, बँकेचे व्यवहार असे सारे त्यात असते. तो चोरीला गेला तर आतील माहिती परक्याच्या हाती पडू नये, म्हणून दुरूनच ती पुसून टाकण्याची सोय आहे. पुढे तोच लॅपटॉप पोलिसांकडून किंवा अन्य मार्गाने परत मिळाला, तर तो पुन्हा चालू कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. उदाहरण म्हणून ॲपल कंपनीचा मॅकबुक घेतला आहे. विंडोजच्या घरगुती लॅपटॉपमध्ये हरवलेले यंत्र शोधण्याची व कुलूपबंद करण्याची सोय असते, परंतु त्याच सोयीतून ते दुरून पुसता येत नाही.

मॅकमधील ही सोय 'फाइंड माय' या नावाने ओळखली जाते. ती २०११ साली आयक्लाउडबरोबर आली. आयक्लाउडच्या संकेतस्थळावर आपल्या खात्याने गेल्यास यंत्राचे ठिकाण पाहता येते, ते कुलूपबंद करता येते व शेवटी पुसताही येते. फोनही सोबतच गेला असेल तर घाबरू नये. यंत्र शोधण्याच्या त्या पानासाठी फोनवर येणारा पडताळणीचा आकडा लागत नाही, खात्याचा पासवर्ड पुरतो. लॅपटॉप इंटरनेटला जोडलेला नसेल तर पुसण्याची आज्ञा थांबून राहते व तो जोडला गेला की अमलात येते. तत्पूर्वी तो सापडला, तर ती आज्ञा रद्द करता येते. म्हणून पुसण्याचा निर्णय घाईने घेऊ नये. काही जुन्या इंटेल मॅकवर ही आज्ञा देताना एक आकडी संकेत ठरवावा लागतो. यंत्र परत आल्यावर तोच विचारला जातो, म्हणून तो वहीत उतरवून ठेवावा.

आता मुख्य मुद्दा. पुसल्याने माहिती जाते, मालकी जात नाही. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून 'ॲक्टिव्हेशन लॉक' नावाचे कुलूप मॅकमध्ये आले. टी-२ चिप असलेल्या इंटेल मॅकमध्ये आणि २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकमध्ये ते चालते. यंत्र कितीही वेळा पुसले तरी सुरू करताना मूळ मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो. परंतु चोरी झाल्यावर वैतागून कोणी ते यंत्र आपल्या खात्यातून काढून टाकले, तर हे कुलूप आपणच उघडून दिल्यासारखे होते. यंत्र विकायचे असेल तेव्हाच ते खात्यातून काढावे.

यंत्र हाती आल्यावर प्रथम चार्जरला जोडून सुरू करावे. पडद्यावर स्वागताचा 'हॅलो' आला, तर कार्यप्रणाली जागेवरच आहे असे समजावे व सूचनांप्रमाणे पुढे जावे. प्रश्नचिन्हाचे फोल्डर लुकलुकत असेल, तर प्रणाली नव्याने बसवावी लागेल. ॲपलच्या चिपचा मॅक पूर्ण बंद करून पॉवरचे बटण दाबून धरावे. सुरुवातीचे पर्याय दिसले की 'ऑप्शन्स' निवडावे. इंटेल मॅकवर सुरू होताना कमांड व आर ही बटणे एकत्र दाबून धरावीत. तेवढ्याने काम न झाल्यास ऑप्शन, कमांड व आर ही तिन्ही दाबावीत. मग यंत्र इंटरनेटवरून रिकव्हरी उघडते व पृथ्वीगोलाचे चित्र दिसते.

रिकव्हरीत 'डिस्क युटिलिटी' उघडून 'मॅकिंटॉश एचडी' दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर अंतर्गत डिस्क एपीएफएस पद्धतीने पुसून तिला तेच नाव द्यावे. त्यानंतर 'रीइन्स्टॉल मॅकओएस' निवडावे. अलीकडच्या आवृत्त्यांसाठी दहा जीबीहून अधिक मजकूर उतरवावा लागतो, म्हणून मोबाइलच्या दैनंदिन मर्यादेचा हिशेब आधी करावा. वसतिगृहातील ज्या वायफायला लॉगिनचे पान भरावे लागते, ते येथे बहुधा चालत नाही.

एक अडचण मात्र बऱ्याच जणांना चकविते. बॅटरी महिनोन्महिने रिकामी राहिली की यंत्रातील तारीख मागे पडते, सर्व्हरशी जोडणी नाकारली जाते आणि डिस्कच बिघडली असे वाटते. अशा वेळी रिकव्हरीतील 'टर्मिनल' उघडून डी, ए, टी, ई ही अक्षरे लहान लिपीत टंकावीत, एक जागा सोडावी व महिना, दिवस, तास, मिनिटे, वर्ष असे प्रत्येकी दोन आकडे सलग लिहून एंटर करावे. दुरुस्तीच्या दुकानात पैसे मोजण्यापूर्वी एवढे करून पाहावेच.

खात्याचा पासवर्डच हरवला असेल, तर तो पूर्ववत करण्याची खटपट आधी करावी. ते न जमल्यास खरेदीची पावती दाखवून ॲपलकडे कुलूप काढण्याची विनंती करता येते. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक असावा. पोलिसांतील तक्रारीतही हाच अनुक्रमांक लिहावा. जुना मॅक विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याने विक्रेत्यासमोरच यंत्र सुरू करून पाहावे. कुलूप दिसले तर मूळ मालक घरबसल्या ते खात्यातून काढू शकतो, आणि तो तसे करीत नसेल तर सौदा करू नये.

माहिती मात्र परत येते ती केवळ साठविलेल्या प्रतीतूनच. नव्या मॅकमध्ये माहिती सांकेतिक रूपात असते व पुसताना तिची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे 'डेटा काढून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. टाइम मशीनची प्रत वेगळ्या डिस्कवर असेल तर मांडणीच्या वेळीच ती जोडून सारे परत आणता येते. आयक्लाउडवर पाच जीबी जागा मोफत मिळते. प्रबंधाच्या मजकुराला ती पुरते, छायाचित्रांना नाही. मराठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : देवनागरी कळफलक मॅकमध्ये असतोच, पण बाहेरून आणून बसविलेले जुने फाँट पुसले जातात आणि त्या फाँटांतील मजकूर उघडल्यावर निरर्थक चिन्हे दिसू लागतात. त्या फाँटांची प्रतही मजकुराशेजारीच ठेवावी.

मांडणी पूर्ण झाल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन 'फाइंड माय' चालू आहे का, हे तपासून घ्यावे.