जुन्या पेट्रोल पिकअपचें इंजिन कां अडखळतें?

शेतमाल भरून बाजाराची वेळ गांठावयास निघावें आणि अर्ध्या वाटेंत इंजिन अडखळून बंद पडावें, हा अनुभव कार्बुरेटरची जुनी पिकअप वापरणाऱ्या पुष्कळ शेतकरी बंधूंस आला असेल. अशा वेळीं कार्बुरेटर उघडण्याची घाई करूं नये. इंजिन कोणत्या रीतीनें बंद पडतें, हें प्रथम पाहावें.

दिवा मालवावा तसें तें एकदम बंद पडलें, तर दोष बहुधा ठिणगीचा असतो. प्लग, पॉइंट, कंडेन्सर व तारा तपासाव्या. धक्के देत, दम तोडीत बंद पडलें, तर पेट्रोल पुरत नाहीं असें समजावें. त्यांतहि थोड्या विश्रांतीनंतर गाडी चालू होऊन कांहीं अंतरावर पुन्हां थांबत असेल, तर टाकीचें झांकण पाहावें. जितकें पेट्रोल खर्च होतें, तितकी हवा झांकणाच्या बारीक वाटेनें आंत यावी लागते. ती वाट धुळीनें बुजली कीं पंपाला पेट्रोल ओढवत नाहीं.

आमच्या गाडीचें असेंच झालें. टोमॅटोचे क्रेट भरले असतां दोनदां वाटेंत अडकलों. कार्बुरेटर धुण्यांत मजुरी व्यर्थ गेली. अखेर झांकण सैल करतांच हवा सूं करून आंत शिरली व गाडी सुरळीत चालूं लागली. छिद्र साफ करण्यास एक पैसाहि लागला नाहीं.

सैल झांकण ही केवळ परीक्षा होय. तसेंच ठेवून प्रवास करूं नये. तिनें उलगडा न झाल्यास गाळणी, मग पंप व शेवटीं कार्बुरेटर, हा क्रम धरावा. इंजिन निवाल्याखेरीज पेट्रोलची नळी सोडूं नये. विडीकाडी दूर ठेवावी.