घाटाचा उतार आणि ब्रेक

वडगावाहून निपाणीस जाताना तवंदीचा घाट उतरावा लागतो. २००० किलो वजनाची जीप ताशी ७२ किलोमीटर वेगावरून थांबविली, तर ४ लक्ष ज्यूल उष्णता निर्माण होते. तीच स्थिर वेगाने उंचीत अवघे १०० मीटर खाली आणली, तर सुमारे २० लक्ष! इंजिन खालच्या गिअरमध्ये नसेल, तर यातील बहुतेक उष्णता पॅड व चकती यांनाच सोसावी लागते. म्हणून करकरणारा, पण तापल्यावरही पकड न सोडणारा पॅड आम्ही पत्करू. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. नाहीतर गाडी एका अंगास ओढते. चकतीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. तिच्याखाली झिजलेली चकती, वरून कितीही गुळगुळीत दिसो, टाकूनच द्यावी. पातळ लोखंड लवकर तापते.